अडुळशाचा काढा: कुणी, किती आणि किती दिवस

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू असते तेव्हा मागच्या रांगेतून खोकल्याचा आवाज हमखास येतो. लावणीत दिवसभर भिजलेल्या बाया, ओल्या कपड्यांनी शाळेत बसलेली मुले, रात्रपाळी करून आलेले बाप्ये. वाचन संपते, खिरीच्या वाट्या फिरतात आणि आमच्याभोवती घोळका जमतो. गाव पेणच्या बाजूचे असो की रोह्याच्या, प्रश्न ठरलेले असतात. "ताई, अडुळशाची पाने किती टाकायची?" "बाळाला मध चाटवला तर चालेल ना?" "सुनेला सहावा महिना आहे, तिलाही तोच काढा देऊ का?" आणि कुणीतरी आजी मागून ऐकवतेच, "झाडपाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय काय गो?"

या आजीला उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. त्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी रोहा तालुक्यातल्या एका वाडीत आमची बैठक होती. तिथल्या एका बहिणीने खोकल्याची तक्रार केली. आम्ही घाईत होतो, शेवटची एसटी पकडायची होती. "अडुळसा आणि सुंठीचा काढा घे, बरं वाटेल," असे सांगून आम्ही निघालो. किती दिवसांपासून खोकला आहे, हे विचारलेच नाही. तिने काढा घेतला. थोडे बरे वाटले म्हणून घेतच राहिली. ताईंनी सांगितले आहे म्हटल्यावर तिने दवाखान्याचे नाव काढले नाही. अडीच महिन्यांनी थुंकीत रक्त दिसले तेव्हा तिला दवाखान्यात नेले आणि क्षयरोग निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या मुलीलाही लागण झालेली होती. दोघीही औषध पूर्ण करून बऱ्या झाल्या. पण काढ्याने खोकल्याचा आवाज कमी झाला आणि त्या अडीच महिन्यांत आजार घरात पसरत राहिला, हे आम्ही विसरू शकत नाही. काढा वाईट नव्हता. आमचा सल्ला अर्धवट होता.

तेव्हापासून पानांची संख्या सांगण्याआधी आम्ही एकच प्रश्न विचारतो: किती दिवस झाले?

साध्या सर्दीचा कारभार समजून घेऊ. सर्दी विषाणूमुळे होते. त्या विषाणूला मारणारे औषध ना आयुर्वेदात आहे, ना ॲलोपॅथीत. शरीर स्वतःच सात ते दहा दिवसांत ती परतवते. खोकला मात्र कधी कधी थोडा जास्त रेंगाळतो. या काळात काढा काय करतो? गरम पाण्याने घसा शेकतो, कफ पातळ होतो, पोटात पाणी जाते, झोप लागते. हे काम लहान नाही. शेजारीण प्रतिजैविकाच्या उरलेल्या गोळ्या देते त्या सर्दीवर उपयोगाच्याच नसतात. त्यापेक्षा काढा केव्हाही बरा. पण काढ्याने सर्दी "मुळापासून जाते" असे कुणी सांगत असेल तर त्याला हात जोडावेत आणि पुढे जावे.

अडुळशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्यावरूनच पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन तयार केले आणि त्यातून अॅम्ब्रॉक्झॉल आले. दवाखान्यात कफ सुटण्यासाठी जी बाटली मिळते, तिच्यात बऱ्याचदा यांपैकीच काहीतरी असते. म्हणजे आपल्या कुंपणातले पान आणि मेडिकलमधली बाटली यांचे नाते आहे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, अडुळसा ही अंधश्रद्धा नाही. दुसरी गोष्ट लोक विसरतात: ज्या पानात औषध आहे त्याला मात्रा आहे, आणि ज्याला मात्रा आहे त्याचा त्रासही होऊ शकतो. "काही होत नाही" असे ज्या वस्तूबद्दल खात्रीने म्हणता येते, तिचा बहुतेक वेळा उपयोगही काही होत नाही.

औषधी वनस्पतींचा विषय आपल्या धम्मसाहित्यालाही परका नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची अनुज्ञा बुद्धांनी दिल्याचे त्यात आहे. मुळांच्या यादीत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा अशी नावे येतात. त्याच महावग्गात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत: त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे कळावे, त्याला थुंकी-विष्ठेची किळस नसावी. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा हे आम्हाला कुणी शिकवले नाही. पुढे विहारात वाचनात आले तेव्हा आमचा अभ्यासक्रमच कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यासारखे वाटले.

मात्र त्या यादीत वेखंड आहे म्हणून आज तान्ह्या बाळाला वेखंड उगाळून चाटवावे, असा अर्थ कुणी काढू नये. वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसले, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालण्यावर बंदी आणली. यादीतले औषध मोठ्या माणसांसाठी होते, आजारापुरते होते. ग्रंथात आहे, परंपरेने चालत आले आहे, एवढ्यावर कोणतीही गोष्ट मान्य करू नये, हे कालामांना सांगितलेले आपण दर वर्षी वाचतो. ते बाळगुटीलाही लागू आहे.

पान ओळखावे, मग तोडावे

आपल्याकडे अडुळसा शेताच्या बांधाला, कुंपणाला असतो, कारण गुरे-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पान लांबट, दोन्हीकडे निमुळते, चुरगळले की उग्र वास येतो, चव कडू. फूल पांढरे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पान तोडल्यावर चीक येत नाही. चीक आला तर ते अडुळशाचे पान नव्हे, टाकून द्यावे. पिवळ्या कण्हेरीचे पानही लांबट असते, पण त्याला पांढरा चीक असतो आणि कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवणारे विष आहे. मुलांना पाला आणायला पाठवताना हे दाखवून ठेवावे. स्वतः ओळखता येत नसेल तर वाडीतली जाणती कातकरी किंवा ठाकर मावशी सोबत घ्यावी. झाडपाल्याचे तिचे ज्ञान पुस्तकातून आलेले नसते, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मोठ्या माणसासाठी आम्ही सांगतो ते माप असे. अडुळशाची दोन-तीन मोठी पाने स्वच्छ धुऊन चिरावीत. सुंठीचा छोटा तुकडा किंवा बोटाच्या पेराएवढे आले, गवती चहाची दोन पाती, तुळशीची चार-पाच पाने. दोन कप पाणी घालून एक कप उरेपर्यंत उकळावे. अर्धे सकाळी, अर्धे रात्री. तीन ते पाच दिवस, त्याहून जास्त नाही. सहा वर्षांखालील मुलांना अडुळशाचा काढा आम्ही सांगत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला एका पानाचा पुरे.

तुळशीवरून एकदा पेणच्या बाजूला चांगली चर्चा रंगली होती. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातून वृंदावन गेले, मग तुळस ठेवावी की नाही? आमचे उत्तर साधे आहे: पूजेसाठी नको, पानासाठी ठेवा. झाडाचा त्यात काय दोष?

काढा स्टीलच्या भांड्यात उकळावा. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू-आवळा घालून उकळला तर तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. घरी केलेला काढा दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, पावसाळ्यात तर नाहीच. घोटभर उरलाच तर ओतून द्यावा. पाला फुकटचा आहे, पोट बिघडले तर दिवसाची मजुरी जाते.

करोनाच्या काळात काढ्याचे काय झाले ते आठवा. २०२० साली आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या काढ्याचे प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरे एक असे होते. तीन ग्रॅम भुकटी, दीडशे मिलिलिटर पाणी, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आपल्याकडे पातेलेभर काढा चुलीवरून उतरतच नव्हता. दिवसातून पाच-सहा वेळा, मिरे मुठीने. मग छातीत जळजळ, तोंड येणे, मूळव्याधीचे रक्त. त्यातच गुळवेल आली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्या वादात न्यायाधीश होणार नाही. पण दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी सामान्य बाईसाठी निष्कर्ष एकच निघतो: ओळखता येत नसेल तर घेऊ नये, आणि ओळखता येत असेल तरी महिनोन् महिने घेऊ नये. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर काढा त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठावा.

ज्यांनी काढा घेण्याआधी विचारावे

गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. हे वाक्य आम्ही प्रत्येक बैठकीत तीनदा म्हणतो. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते. बाळंतपणात त्याचा उपयोग होईल का, यावर अभ्यासही झालेले आहेत. कफाला सैल करणारे पान पोटातल्या बाळालाही धोक्यात आणू शकते. "आमच्या वेळी आम्ही घेतला, काही झालं नाही," असे सासूबाई म्हणतील. ज्यांना झाले त्या सांगायला पुढे येत नाहीत. पोट पडले की बाईच्या नशिबाला किंवा कुणाच्या नजरेला दोष दिला जातो, काढ्याचे नाव निघतच नाही. सहाव्या महिन्यातल्या त्या सुनेने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, गरम पेज प्यावी, विश्रांती घ्यावी. जेवणात असते तेवढे आले चालते. ताप असेल तर एएनएमताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाबाच्या माणसांसाठी ज्येष्ठमधाचा इशारा आहे. खोकला आला की त्याची काडी दिवसभर तोंडात ठेवायची सवय अनेकांना असते. ज्येष्ठमधाने अंगात पाणी आणि मीठ साठते, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरते. रक्तदाबाची "लघवीची गोळी" चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून कमी होते; पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात. कधीतरी छोटा तुकडा चघळला म्हणून आकाश कोसळत नाही, पण दोन-दोन आठवडे रोज नको. कोकणात ज्येष्ठमधाऐवजी गुंजेचा गोड पालाही घशासाठी खातात, पानाच्या टपरीवर मिळतो. पाला चालेल, पण त्याच वेलीची लाल-काळी बी जहाल विषारी आहे. मूल ती चावून गिळले तर जिवावर बेतते. गुंजेच्या माळा पोरांच्या खेळण्यात देऊ नयेत.

साखरेच्या रुग्णांनी काढ्यात गूळ-मध घालू नये. चघळायच्या गोळ्यांतही साखर असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आले, हळद, तुळस यांचा रोजचा भरपूर काढा टाळावा. मिऱ्यातल्या पायपेरिनमुळे काही औषधे रक्तात जास्त उतरतात. फिट्सच्या फेनिटॉइनबाबत हे तपासलेले आहे. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर गुळवेल आणि अनोळखी चूर्णे नकोत, कारण त्या गोळ्यांचा ताण यकृतावर आधीच असतो. दम्याच्या माणसाने काढा घेतला म्हणून पंप बंद करू नये. आणि दम्यावर "शुद्ध आयुर्वेदिक" म्हणून बिनलेबलची पुडी मिळते आणि एका दिवसात जादूसारखा आराम पडतो, तिथे सावध व्हावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि पुडी अचानक बंद केली तर माणूस कोसळतो.

आता बाटलीतल्या आसव-अरिष्टांचा प्रश्न. एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले होते, "ताई, यात अल्कोहोल असतं म्हणतात. पाचवं शील मोडतं का?" प्रश्न प्रामाणिक होता. आसव आणि अरिष्टे आंबवून करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. लेबलवर "स्वयंजनित अल्कोहोल" असे लिहिलेले असते. महावग्गात यावरही प्रसंग आहे. औषधी तेलात मद्य घालण्याची अनुज्ञा मिळाल्यावर काही भिक्खूंनी ते इतके घातले की नशा झाली. तेव्हा मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतकेच घालावे, असा नियम झाला. आमच्या मते दोन-चार चमचे औषध पाण्यात मिसळून दोन-तीन दिवस घेतल्याने शील मोडत नाही. पण दारू सोडलेल्या माणसाला ते देऊ नये. तेवढ्या घोटानेही जुनी ओढ जागी होते, हे आम्ही घराघरांत पाहिले आहे. मुलांना आणि गरोदर बायांना नको. कनकासव तर वैद्याच्या सांगण्याशिवाय नकोच, कारण त्यात धोतरा असतो.

बाळांसाठी वेगळा कायदा

एक वर्षाखालील बाळाला मध नाही. चाटण म्हणून नाही, बोटाला लावून नाही, आत्याच्या हौसेसाठीही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र वाढतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल होते, दूध ओढत नाही, मान टाकते. एक वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्याला अर्धा चमचा मध हे चांगले औषध आहे, आणि ते तपासलेलेही आहे.

बाळाच्या नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू नये, बाळ ती तोंडात घालते. एखादा ग्रॅम कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचेही तेच. वाफाऱ्यासाठी उकळते पातेले मुलाच्या पुढ्यात ठेवून वर चादर टाकणे हा प्रकार तर बंदच करावा. पातेले कलंडून मांड्या भाजलेली मुले आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. सर्दी आठवड्यात गेली असती, भाजल्याचे व्रण आयुष्यभर राहिले. मोठ्यांनी वाफ घ्यावी, तीही पातेले जमिनीवर टेकवून, आणि त्यात बाम-कापूर घालण्याची गरज नाही.

मग बाळाला करायचे काय? अंगावर पाजत राहायचे, नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालायचे, उबेत ठेवायचे. चुलीच्या धुरापासून दूर ठेवायचे. आपल्या कितीतरी घरांत बाळाच्या खोकल्याचे खरे कारण चूलच असते.

आणि श्वास मोजायचा. बाळ शांत असताना अंगावरचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोट किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांखालील बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असेल तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ पीत नसेल, निळसर दिसत असेल, झटका आला असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. हे मोजणे आम्ही शाळा सोडलेल्या आयांना दहा मिनिटांत शिकवले आहे.

झाडपाल्याबद्दल एवढे बोललो म्हणून बाटलीतले कफ सिरप सुरक्षित आहे असे कुणी समजू नये. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात कोल्ड्रिफ नावाचे सिरप घेतलेली वीसहून अधिक मुले किडनी निकामी होऊन दगावली. त्यांतील बरीच उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी द्रव्य सापडले, तपासणीत त्याचे प्रमाण ४८ टक्क्यांच्या वर निघाले. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून आले होते आणि १४ रुग्ण गेले होते. न्या. लेंटिन आयोगाने त्यावर अहवाल दिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष, आणि मेली ती साध्या घरांतली पोरे. छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा नकोत, अशी सूचना काढली. मेडिकलवाल्याने "हे द्या, गोड आहे" म्हटले तर ही सूचना आठवावी. आयुर्वेदिक बाटलीवरही परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख हवीच. नसेल तर ती परत करावी.

आता पुन्हा दिवसांकडे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, काढा नाही. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही वाट पाहू नये. आपल्या भागात आणखी एक हिशेब आहे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांनी खोकला सुट्टीच्या दिवशी कमी होतो का ते पाहावे. पेण, हमरापूर, जोह्याच्या गणपती कारखान्यांत मूर्तीला पॉलिश पेपर मारणाऱ्या, स्प्रेने रंग मारणाऱ्या बहिणींनीही पाहावे. हंगाम संपला की खोकला जातो आणि कामाबरोबर परत येतो, तर तो सर्दीचा खोकला नव्हे. तो धुळीचा, वाफेचा आहे. त्याला अडुळसा पुरा पडणार नाही; तिथे चांगला मास्क, वारा खेळती जागा आणि डॉक्टरला आपले काम काय ते स्पष्ट सांगणे हाच मार्ग. मास्क मालकाकडून मागावा, तो कामगाराच्या मजुरीतून कापून घ्यायचा नसतो.

सरकारी दवाखान्यात नीट बोलत नाहीत म्हणून जात नाही, असे अनेक बहिणी सांगतात. अनुभव खोटा नाही. पण २० मार्च १९२७ ला आपल्याच जिल्ह्यात, महाडला, सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते सार्वजनिक गोष्टीवर आपला हक्क आहे म्हणूनच. दवाखानाही सार्वजनिकच आहे. एकटीला भीती वाटत असेल तर चौघींनी मिळून जावे, आम्हीही येतो.

थुंकीची डबी आशाताईंकडे किंवा दवाखान्यात फुकट मिळते. एक नमुना तिथेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, असे साधारण दोन घेतात. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी. उघड्यावर, माणसांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीतून खोकून घट्ट बेडका डबीत टाकावा. नुसती लाळ गेली तर आजार असूनही तपासणीत सापडत नाही. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोहोचवावी. आजार निघाला तर औषध फुकट आहे, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात; नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. खाते नसेल तर पहिल्याच दिवशी सांगावे. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. काही अडले तर १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ला मिळतो, आणि पौर्णिमेला आम्ही विहारात असतोच.